कुलवृत्तान्त आणि आडनांवांचीं मुळें

(१)

मराठींत कुलवृत्तान्त या नांवाचा एक स्वतंत्र वाङ्मयप्रकार विसाव्या शतकांत रूढ झाला. एका आडनांवाच्या मंडळींनीं एकत्र यावें, वर्गणी जमवावी, गांवोगांव पत्रें पाठवून माहिती मागवावी, आणि मूळ पुरुषापासून आजच्या बालकांपर्यंत सर्व शाखांच्या वंशावळी, गोत्र, कुलदैवत, मूळ गांव व कर्त्या पुरुषांचीं चरित्रें यांसह एक जाडजूड ग्रंथ प्रसिद्ध करावा, अशी याची रीत आहे. चित्पावन कुलांनीं या कामीं पुढाकार घेतला. पुढें इतर ज्ञातींतील घराण्यांनींही हा कित्ता गिरविला. हें काम बहुतेक ठिकाणीं पदरमोड करून व फावल्या वेळांत झालेलें आहे. एरव्हीं रद्दींत गेलीं असतीं अशीं कितीतरी पत्रें, सनदा व यादी या ग्रंथांमुळें वांचलीं. ज्यांत सुनांचीं माहेरें व लेकींचीं सासरें काळजीपूर्वक नोंदलीं आहेत, ते ग्रंथ तर समाजेतिहासाच्या अभ्यासकास नित्य हाताशीं ठेवण्याजोगे झाले आहेत. हें ऋण आम्हीं आरंभींच मान्य करतों.

परंतु या प्रकारच्या ग्रंथांत एक दोष इतका सार्वत्रिक आहे कीं, त्याची मोकळेपणीं चिकित्सा होणें अवश्य आहे. शेवटच्या सहा-सात पिढ्यांचा भाग बहुधा भरंवशाचा असतो. पहिलें प्रकरण मात्र, म्हणजे आडनांव कोठून आलें व मूळ पुरुष कोण हें सांगणारा भाग, बहुतेक वेळां शब्दांच्या साम्यावर उभारलेला असतो. आडनांवाशीं जुळणारा एखादा संस्कृत शब्द, एखादा राजवंश किंवा एखादी आख्यायिका शोधावयाची, आणि तीच घराण्याची उत्पत्ति म्हणून छापावयाची, ही सरणी होय. तीविरुद्ध आमचें म्हणणें थोडक्यांत असें कीं, शब्दाचा इतिहास ही एक वस्तु आहे आणि तो शब्द धारण करणाऱ्या घराण्याचा इतिहास ही दुसरी. पहिला सिद्ध झाला म्हणून दुसरा सिद्ध होत नाहीं.

(२)

आडनांव ही घराण्याची जन्मजात खूण आहे, हा समज प्रथम सोडला पाहिजे. जुन्या मोडी कागदांत मनुष्याची ओळख बहुधा स्वतःचें नांव, बापाचें नांव आणि गांव किंवा हुद्दा यांवरून दिलेली असते. बाळाजी विश्वनाथ, शंकराजी नारायण, परशुराम त्रिंबक अशीं दुहेरी नांवेंच कागदोपत्रीं वावरतात. आडनांव असतें, परंतु तें सदैव लिहिलेंच पाहिजे असा नियम नाहीं. आणि तें एकाच मनुष्याच्या हयातींतही पालटतें.

याचीं प्रसिद्ध उदाहरणें सर्वांस ठाऊक आहेत; त्यांतून निघणारा बोध मात्र कुलवृत्तान्तकार घेत नाहींत. श्रीवर्धनचे भट १७१३ सालीं बाळाजी विश्वनाथास पेशवाईचीं वस्त्रें मिळाल्यावर कालांतरानें पेशवे झाले. वेळासच्या भानु घराण्यांतील बाळाजी जनार्दन (१७४२–१८००) जगाला नाना फडणीस म्हणूनच माहीत आहे. भोरच्या संस्थानिकांचे पूर्वज शंकराजी नारायण हे गांडेकर. पद मिळाल्यावर घराणें पंतसचिव झालें. औंधच्या घराण्याचे परशुराम त्रिंबक हे किन्हईचे कुलकर्णी. तें घराणें पंतप्रतिनिधि या नांवानें ओळखलें जाऊं लागलें. या चारही ठिकाणीं पदाबरोबर नांव आलें, आणि जुनें नांव कोठें मागें पडलें तर कोठें पुसलें गेलें. जे थोर झाले त्यांचें जुनें नांव इतिहासानें जपलें. पण ज्या साध्या कारकुनाचें किंवा शिलेदाराचें नांव असेंच पालटलें, त्याचें पूर्वीचें आडनांव कोणी लिहून ठेविलें असेल?

आडनांवें पक्कीं झालीं तीं मुख्यतः इंग्रजी अमदानींत. न्यायालयाचे दावे, पेन्शनच्या यादी, जमिनीचीं खातीं आणि शाळेचीं हजेरीपुस्तकें यांनीं प्रत्येकास एक ठराविक शेवटचें नांव लावणें भाग पाडलें. आमचें आयुष्य ज्या शाळाखात्यांत गेलें, त्याच्या दाखल्यांत केवढी सत्ता आहे याचें उत्तम उदाहरण म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचें नांव. त्यांचें घराणें सकपाळ, मूळ गांव मंडणगड तालुक्यांतील आंबडवें. ७ नोव्हेंबर १९०० रोजीं साताऱ्याच्या सरकारी शाळेंत त्यांचें नांव दाखल झालें तें भिवा रामजी आंबेडकर असें. हें आडनांव गांवावरून पडलें कीं शिक्षकाच्या आडनांवावरून, हें दोन प्रकारें सांगतात. त्या वादाचें येथें कारण नाहीं. लक्षांत घ्यावयाचें तें इतकेंच कीं, या घराण्याचा शोध कोणी केवळ आंबेडकर या शब्दाच्या मागें धांवून घेऊं लागला, तर १९०० च्या अलीकडेच त्याची वाट संपेल. आणि आंबेडकर आडनांवाच्या इतर मंडळींचे पूर्वज त्यास याच घराण्याचे वाटूं लागतील. शंभर-सव्वाशें वर्षांपूर्वीं एका मुलाच्या दाखल्यानें जें झालें, तें त्यापूर्वीं किती घरांत, किती वेळां व किती निमित्तांनीं झालें असेल, याचा विचार वंशावळ लिहिणारानें करावा.

(३)

आडनांवांचा सर्वांत मोठा वर्ग गांवावरून पडलेल्या नांवांचा. म्हणजे ज्यांच्या अंतीं ‘कर’ येतो तीं. हा ‘कर’ संस्कृत कृ धातूपासून काढून ‘गांव वसविणारा’ असा अर्थ कित्येक ग्रंथांत दिलेला आढळतो. तो आम्हांस पटत नाहीं. प्राकृतांतील ‘केर’ या संबंधवाचक शब्दाशीं त्याचें नातें मानणें अधिक सयुक्तिक दिसतें. म्हणजे पेणकर तो पेणचा, याहून अधिक अर्थ त्यांत नाहीं. पेण वसविल्याचा मान त्या प्रत्ययावरून कोणास मिळत नाहीं.

या वर्गाच्या विचारास पाणिनीचें एक अंग उपयोगी पडतें. अष्टाध्यायीच्या चौथ्या अध्यायाच्या तिसऱ्या पादांत लागोपाठच्या दोन सूत्रांत (८९ व ९०) त्यानें निवास व अभिजन असे दोन अर्थ वेगळे केले आहेत. हल्लीं मनुष्य राहतो तो निवास. पूर्वज राहत होते तो अभिजन, असें भाष्यकार त्याचें विवरण करतात. आपलीं ‘कर’ प्रत्ययाचीं नांवें साधारणपणें अभिजन दाखवितात, निवास नव्हे. याचें कारण उघड आहे. ज्या गांवांत सर्वच त्या गांवचे, तेथें गांवाच्या नांवानें कोणाची ओळख पटणार? मनुष्य गांव सोडून दुसरीकडे गेला म्हणजे तेथील लोक त्यास मागल्या गांवाचें नांव लावतात. यास अपवाद आहे तो वतनदारांचा. दक्षिण कोंकणांत व गोव्यांत गांवाचा मान व हक्क धारण करणारीं घराणीं गांवांत राहूनच गांवाचें नांव लावतात. तेव्हां होळकरांसारखें नांव नीरेकांठच्या होळ गांवाकडे बोट दाखवितें हें खरें. परंतु तें बोट निघून गेलेल्या मनुष्याचें आहे कीं तेथल्या वतनदाराचें, हें नांव सांगत नाहीं, कागद सांगतो.

शिवाय एका नांवाचीं अनेक गांवें असतात. वडगांव, पिंपळगांव, नांदगांव हीं महाराष्ट्रांत जिल्ह्याजिल्ह्यांत सांपडतात. यावरून सर्व वडगांवकर एका मुळाचे असें कोण म्हणेल? आणि गांव एक असलें तरी कूळ एक असतें असेंही नाहीं. कुलाबा प्रांतांतील बेने इस्राएल समाजाचीं आडनांवें किहीमकर, पेणकर, रोहेकर, दिवेकर अशीं गांवांवरूनच पडलेलीं आहेत. मुंबईंत १७९६ सालीं यहुद्यांचें पहिलें प्रार्थनामंदिर बांधणारे सामुएल इझिकेल हे दिवेकर; आणि कवींद्र परमानंदाचें शिवभारत १९२७ सालीं छापून प्रसिद्ध करणारे सदाशिव महादेव हेही दिवेकर. दोघांचें आडनांव एक, परंतु कूळ एक कोणी म्हणणार नाहीं. येथें धर्म भिन्न असल्यामुळें घोटाळा होत नाहीं. जेथें ज्ञातिही एकच असते तेथें हाच घोटाळा सहज होतो, आणि दोन निरनिराळीं घराणीं एका मूळ पुरुषाच्या पोटीं घातलीं जातात.

गोव्यांतील स्थिति याच्या नेमकी उलट आहे. सोळाव्या शतकापासून धर्मांतराबरोबर तेथें पोर्तुगीज नांवें आलीं. पण धर्म व नांव बदलूनही गांवकरींतील वांगडाचा हक्क पुष्कळ ठिकाणीं चालू राहिला. तेथें नांवाची साखळी तुटली, हक्काची तुटली नाहीं. म्हणून वंशाचा माग नांवाऐवजीं गांवकरीच्या वहींत काढावा लागतो. एके ठिकाणीं नांव एक आणि कुळें दोन, दुसरे ठिकाणीं कूळ एक आणि नांवें दोन. हीं दोन उदाहरणें डोळ्यांपुढें ठेवलीं तरी नांवाच्या साक्षीचें मोल कळून येईल.

(४)

आतां संस्कृताच्या ओढीविषयीं. आम्हीं स्वतः आयुष्य संस्कृत शिकविण्यांत घालविलें आहे. तेव्हां त्या भाषेविषयीं अनादराचा आरोप आम्हांवर येणार नाहीं अशी आशा आहे. परंतु प्रत्येक आडनांव संस्कृतांतून आलेंच पाहिजे, आणि जितकें संस्कृत तितकें घराणें जुनें, हा समज निराधार आहे.

चिटणीस, फडणीस, सबनीस, पोतनीस, कारखानीस या सर्वांतील ‘नीस’ हा फारसी ‘नवीस’ म्हणजे लिहिणारा होय. त्यांत संस्कृत ‘ईश’ शोधणें व्यर्थ आहे. इतकेंच नव्हे, तर कित्येक वेळां फारसी नांव जुनें आणि संस्कृत नांव नवें असतें. शिवछत्रपतींच्या आज्ञेनें राजव्यवहारकोश रचला गेला आणि राज्याभिषेकाच्या सुमारास मुजुमदाराचा अमात्य, सुरनिसाचा सचिव, डबिराचा सुमंत झाला. म्हणजे सचिव हें नांव सुरनीस या नांवाच्या मागून आलें. केवळ शब्द पाहून काल ठरविणारा अभ्यासक येथें नेमका उलटा निर्णय देईल.

संस्कृताशीं खरें नातें जेथें आहे तेथें तें कसें सिद्ध होतें याचेंही उदाहरण द्यावयास हवें. पाटील हा शब्द घ्या. माळव्याच्या परमारांच्या ताम्रपटांत पट्टकिल असें अधिकाऱ्याचें नांव येतें. येथें मधलें रूप कोरीव लेखांत सांपडतें, अर्थ जुळतो, ध्वनींचें परिवर्तन नियमानें लागतें. म्हणून ही व्युत्पत्ति ग्राह्य. कुलकर्णी शब्दांतील ‘कर्ण’ हा कान नव्हे, तर ‘करण’ म्हणजे लेखनाचें खातें. यादवांच्या राज्यांत हेमाद्रि श्रीकरणाधिप होता, हें या अर्थास पोषक आहे. ‘कुल’ या शब्दाचा जमिनीचें माप असा अर्थ मनुस्मृतीच्या सातव्या अध्यायांत, गांवोगांवच्या अधिकाऱ्यांच्या वेतनाच्या संदर्भांत, येतो. आणि सारा देणारें कूळ हा आपल्याकडील रूढ अर्थ आहेच. यांपैकीं कोणता घ्यावा याविषयीं मतभेद राहील, परंतु वाद पुराव्याच्या कक्षेंत राहील.

मात्र पाटील व कुलकर्णी यांची व्युत्पत्ति कितीही पक्की झाली, तरी तीवरून कोणत्याही एका पाटील घराण्याचा एक पूर्वजही आपणांस मिळत नाहीं. हे शब्द अधिकाराचे आहेत. हे अधिकार निरनिराळ्या ज्ञातींकडे, निरनिराळ्या गांवीं, निरनिराळ्या काळीं आले; जोशी हें नांव तर चित्पावनांतच अनेक गोत्रांत सांपडतें. शब्दाचें मूळ एक, घराण्यांचीं मुळें अनेक.

या विषयांत राजवाडे यांचें नांव घेतल्यावांचून पुढें जातां येत नाहीं. १८९८ पासून साधनांचे खंड काढून मूळ कागदाशिवाय बोलूं नये हा दंडक त्यांनींच आपणांस घालून दिला. महिकावतीच्या बखरीच्या निमित्तानें (१९२४) उत्तर कोंकणांतील कुळांचा व आडनांवांचा विचारही त्यांनींच केला. परंतु शब्दांच्या प्रांतांत त्यांची प्रतिभा त्यांच्याच दंडकाच्या पुढें धांवते. त्यांच्या नामादिशब्दव्युत्पत्तिकोशांत सूचक असें पुष्कळ आहे. पण मधल्या रूपांचा आधार न देतां एकदम संस्कृतापर्यंत मारलेल्या उड्याही पुष्कळ आहेत. कुलवृत्तान्तकारांनीं त्यांच्यापासून कागद शोधण्याची चिकाटी घ्यावयाची. त्यांनीं घेतली उडी. गुरूचें अनुकरण करतांना सोपें तेवढें उचलण्याचा मोह सर्वांसच होतो.

(५)

आख्यायिका हा यापुढचा भाग. घोरपडे हें आडनांव घेऊं. बहमनी राज्यांत खेळणा किल्ल्यावर, म्हणजेच पुढच्या विशाळगडावर, या घराण्याच्या पूर्वजानें घोरपडीच्या साह्यानें चढून जाऊन किल्ला घेतला, म्हणून १४७१ सालीं हा किताब मिळाला, असें सांगतात. दत्तो विष्णु आपटे यांनीं १९३४ सालीं मुधोळच्या घोरपडे घराण्याचा इतिहास प्रसिद्ध केला. त्यांत फारसी फर्मानांच्या आधारें ही हकीकत आली असून तींच फर्मानें या कुळाचा व भोसल्यांचा संबंध मेवाडच्या शिसोद्यांशीं जोडतात. या फर्मानांचा खरेपणा मानणारे व त्याविषयीं संशय घेणारे असे दोन पक्ष विद्वानांत पडले.

आपटे यांची पद्धति आम्ही योग्य मानतों. त्यांनीं नुसत्या नांवावर विसंबून न राहतां कागद पुढें केले, आणि वाचकास ते तपासण्याची सोय दिली. आतां वाद व्हावयाचा तो कागद, शिक्का, भाषा, पदव्यांचे प्रघात व सनांचा मेळ यांवर. फर्मान खरें ठरलें तर हकीकत उभी राहील. तें बाजूस सारलें तर मात्र घोरपडीची गोष्ट स्वतःच्या पायांवर उभी राहत नाहीं, हें स्पष्ट बोललें पाहिजे. कारण हीच घोरपड दोनशें वर्षांनीं कोंढाण्यावरही आढळते. १६७० सालच्या तानाजीच्या पराक्रमांत पोवाडा यशवंती घोरपडीस आणतो; सतराव्या शतकाच्या अखेरीस लिहिणाऱ्या सभासदास तिची माहिती नाहीं. गडोगड फिरणारी ही गोष्ट एका घराण्याच्या नांवाचा पुरावा कशी होईल? शिवाय वाघ, लांडगे, कोल्हे, मोरे अशीं प्राण्यांवरून दिसणारीं आडनांवें मराठींत शेंकड्यांनीं आहेत. लांडग्याच्या साह्यानें किल्ला घेतल्याची कथा कोणी सांगत नाहीं. तें नांव देवकावरून, स्वभावावरून किंवा टोपणनांवावरून पडलें असेल असें आपण सहज मानतों. तोच न्याय मोठ्या घराण्यांसही लावावा.

समजूत जुनी असणें आणि ती खरी असणें यांतही भेद केला पाहिजे. भोसले व शिसोदे यांचें नातें १६७४ च्या राज्याभिषेकासाठीं नव्यानें रचलें, असें म्हणणारांस जयराम पिंड्ये याचें राधामाधवविलासचंपू हें चांगलें उत्तर आहे. कारण शहाजीराजांच्या पदरच्या या कवीच्या काव्यांत तो संबंध आधींच आलेला आहे. यावरून समजूत राज्याभिषेकापूर्वींची ठरली. ती सत्य ठरली असें नव्हे. त्याचप्रमाणें तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर सरफोजीराजांनीं १८०३ सालीं कोरविलेलें भोसलेवंशाचें चरित्र हें १८०३ सालीं काय मानीत होते याचें उत्कृष्ट साधन आहे. त्यांतील प्राचीन पिढ्यांस दगडाच्या कठिणपणानें बळकटी येत नाहीं. रा. चिं. ढेरे यांनीं २००१ सालीं शिखर शिंगणापूरवरील आपल्या ग्रंथांत भोसल्यांचें मूळ होयसळांकडे नेलें. त्यांनीं शब्दाच्या जोडीस कुलदैवत, क्षेत्र व दक्षिणेकडून झालेलें स्थलांतर यांची साक्ष काढली, ही दिशा स्तुत्य होय. होयसळ व भोसले या दोन शब्दांमधील पायरी मात्र आम्हांस अद्याप अवघड वाटते.

राजवंशांशीं नातें सांगणाऱ्या सर्वच कुलनामांस हें लागू आहे. कदंब शब्दाचा कदम, मौर्याचा मोरे, यादवाचा जाधव होणें शक्य आहे. मोरे हा शब्द मयूरापासूनही तितक्याच सहज निघतो. पण राजाचें कुलनाम त्याचे आश्रित, सेवक व प्रजाही धारण करीत. देवगिरीचें यादवराज्य १३१८ च्या सुमारास बुडालें; सिंदखेडचे लखुजी जाधव १६२९ सालीं दौलताबादेस मारले गेले. मध्यंतरींच्या काळांत एकेक पिढी समकालीन कागदानें दाखविली तर दुवा जुळला. जाधव हा शब्द एकटा तीन शतकांचा पूल बांधूं शकत नाहीं.

गोत्र सांगून हें अंतर भरतां येईल असें कित्येकांस वाटतें. त्यांनीं मिताक्षरा पाहावी. याज्ञवल्क्याच्या विवाहप्रकरणावर लिहितांना विज्ञानेश्वर स्पष्ट सांगतो कीं, क्षत्रिय व वैश्य यांस स्वतःचें गोत्र नसून पुरोहिताचें गोत्र त्यांनीं धरावयाचें असतें. म्हणजे शास्त्रकारांच्याच मतें गोत्र ही सर्वत्र रक्ताची साक्ष नव्हे.

(६)

मग वंशाचा शोध घ्यावा तरी कसा? आमच्या मतें पहिला नियम हा कीं, शोध आजपासून मागें जावा, मूळ पुरुषापासून खालीं येऊं नये. आपला बाप, आजा, पणजा असें एकेक पाऊल कागद हातीं घेऊन मागें टाकावें, आणि जेथें कागद संपेल तेथें थांबावें. दुसरा नियम, जुन्या कागदांतील मनुष्य आपलाच पूर्वज असें म्हणण्यास त्याचें व बापाचें नांव, गांव आणि वतन किंवा वृत्ति हीं तिन्ही जुळलीं पाहिजेत. आपल्याकडे नातवास आजोबाचें नांव ठेवण्याची चाल असल्यामुळें हरि बल्लाळ, बल्लाळ हरि, पुन्हा हरि बल्लाळ अशी माळ चालते. एकाच नांवाचे दोन पुरुष एक समजले जाणें किंवा नकलकाराची नजर घसरून मधल्या दोन पिढ्या गळणें हे दोष येथें नित्याचे आहेत. पोथ्यांचे पाठ जुळविणारास हा दोष चांगला परिचित आहे. तिसरा नियम पिढ्यांच्या हिशेबाचा. पिढीस पंचवीस ते तीस वर्षें धरावीं. मूळ पुरुष सातशें वर्षांपूर्वींचा म्हणून सांगावयाचा आणि वंशावळींत पिढ्या बाराच द्यावयाच्या, म्हणजे एका पिढीस अठ्ठावन वर्षें पडलीं. तेवीस ते अठ्ठावीस पिढ्यांच्या जागीं बारा असतील, तर जवळजवळ निम्मे किंवा त्याहून अधिक पूर्वज गळले आहेत किंवा मूळ पुरुष उसना आणला आहे.

साधनांची वाण नाहीं. पुण्याचें पेशवे दफ्तर आहे. त्यांतील निवडक कागदांचे ४५ खंड सरदेसाई यांनीं १९३० पासून काढले. नाशिक, त्र्यंबक, पंढरपूर, काशी, गया येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत यात्रेकरूनें स्वहस्तें आपलें गांव, बाप, आजा, भाऊ व मुलगे लिहून दिलेले सांपडतात. तो लेख लिहिते वेळीं त्यास त्यांतून कांहीं मिळवावयाचें नसतें, म्हणून आम्हीं या वह्यांस फार मान देतों. याच्या उलट करीने व कैफियती. वतनाच्या तंट्यांत वादी व प्रतिवादी आपापल्या घराण्याची पूर्वपीठिका सांगत; १८५२ च्या अकराव्या कायद्यानें इनाम कमिशन नेमल्यावर शेंकडों घराण्यांनीं आपल्या हकीकती पुन्हा लिहून दिल्या. त्यांत माहिती विपुल आहे, परंतु ती हक्क शाबीत करण्यासाठीं दिलेली आहे. तीनचार पिढ्यांपलीकडे ती जसजशी मागें जाते तसतशी तिची छाननी अधिक कठोर व्हावी. कित्येक कुलवृत्तान्त अशा कैफियतींतील पहिला परिच्छेदच सिद्ध इतिहास म्हणून छापतात.

दत्तक कोठें झाला हें प्रत्येक ठिकाणीं निराळ्या खुणेनें दाखवावें. दत्तकानें कूळ चालतें, रक्त चालत नाहीं. आजकाल वंशाणूंची परीक्षा करून पूर्वज सांगण्याचा प्रघात पडला आहे, त्या संदर्भांतही हें लक्षांत ठेवावें. अशी परीक्षा दोन हयात पुरुषांच्या पितृवंशाची जवळीक दाखवूं शकेल. ती आडनांव, गांव किंवा वतन वाचून दाखवीत नाहीं.

(७)

हा सर्व विचार केवळ हौशी मंडळींपुरता राहिलेला नाहीं. परगणे व कुलकर्णी वतनें १९५० च्या कायद्यानें गेलीं, आणि वंशावळीचें जुनें व्यवहारी महत्त्व संपलें असें पुष्कळांस वाटलें. तें संपलें नव्हतें. २०२३ सालीं राज्य शासनानें न्या. संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखालीं समिति नेमून कुणबी नोंदींचा शोध चालविला, तेव्हां गांवोगांवचे जन्ममृत्यूचे व महसुलाचे जुने मोडी कागद पुन्हा उघडले गेले, आणि मोडी वाचणाऱ्यांची शोधाशोध झाली. त्या प्रश्नाच्या गुणदोषांत शिरण्याचें हें स्थळ नव्हे. परंतु एक गोष्ट त्यानें सर्वांस दाखवून दिली. मनुष्याचा पूर्वज कोण, हें त्याच्या आडनांवावरून ठरत नाहीं. पणज्याच्या नांवाच्या एका ओळीवरून ठरतें. ती ओळ ज्यांच्या घरीं किंवा चावडींत वाळवीनें खाल्ली, त्यांस कोणतीही व्युत्पत्ति ती परत देऊं शकत नाहीं. आणि जेथें एवढें मोल असतें तेथें खोटी ओळ लिहिली जाण्याचा धोकाही असतो. तो ओळखण्यास चिकित्सेची संवय लागते.

म्हणून यापुढें कुलवृत्तान्त काढणाऱ्या मंडळींस आमची विनंति अशी आहे. वंशावळींतील प्रत्येक दुव्यापुढें तो कागदानें सिद्ध, तोंडी सांगितलेला कीं तर्कानें बसविलेला, हें तीन निराळ्या खुणांनीं दाखवावें. जेथें दुवा नाहीं तेथें रेघ जोडूं नये; जागा कोरी सोडावी. पुढच्या पिढींतील कोणास तरी तो कागद सांपडेल व तो त्या जागीं नेऊन बसवील. भरलेल्या जागेकडे मात्र कोणी पुन्हा पाहणार नाहीं. आडनांवाच्या उत्पत्तीचें प्रकरण ग्रंथाच्या आरंभीं न घालतां शेवटीं परिशिष्टांत घालावें, आणि त्यांत जुन्या कागदांत तें नांव कोणकोणत्या रूपांत व कोणत्या सालीं आढळलें तेवढें द्यावें. मूळ कागदांच्या नकला, शक्य तर छायाचित्रें, एखाद्या संशोधनसंस्थेंत ठेवाव्या. आणि घरोघरीं माळ्यावर जे रुमाल अद्याप बांधलेले आहेत ते आधीं सोडून पाहावे. ग्रंथ मागून निघाला तरी चालेल.